चोरपावलांच्या खेळासाठी लेव्हल-स्पर्धा भरवायची आहे? पहिल्यांदा भरवणाऱ्यांसाठी

लहानपणी दिवाळीच्या सुट्टीत आमच्या गल्लीत किल्ल्यांची स्पर्धा असायची. परीक्षक अमुक दिवशी संध्याकाळी येणार हे ठरलेलं असल्यामुळे त्या संध्याकाळपर्यंत किल्ला उभा राहायचाच. अळीव उगवलेले असायचे, मावळे जागेवर असायचे, तळ्यात पाणी असायचं. एका वर्षी स्पर्धा झाली नाही, तर आमच्या अंगणात अर्धा बुरुज आणि विटांचा ढीग भाऊबीज उलटून गेली तरी तसाच पडून होता.

'थीफ' या चोरपावलांच्या संगणक-खेळासाठी फॅन मिशन, म्हणजे चाहत्यांनी स्वतः रचलेल्या लेव्हल, बनवणाऱ्यांचंही असंच असतं. अर्धवट मिशनं प्रत्येकाच्या हार्ड डिस्कवर पडलेली असतात. तळघर झालेलं असतं, दिवाणखाना झालेला असतो, आणि वरचा मजला 'पुढच्या महिन्यात' होणार असतो. स्पर्धेची खरी गरज इथे आहे. पहिला-दुसरा कोण हा प्रश्न मला फारसा मोठा वाटत नाही. स्पर्धेमुळे किती मिशनं पुरी झाली, तेवढंच मी मोजतो. पुढे सांगितलेला प्रत्येक नियम याच एका कसोटीवर घासून पाहा: यामुळे कुणाचं मिशन पूर्ण व्हायला मदत होते की अडचण होते?

आधी खेळ आणि एडिटर ठरवा

'थीफ: द डार्क प्रोजेक्ट' हा खेळ लुकिंग ग्लास स्टुडिओजने १९९८च्या अखेरीस आणला. गॅरेट नावाचा चोर, हातात तलवार असूनही लढायला टाळणारा. सावलीत उभं राहायचं, पहारेकऱ्यांच्या पावलांचा कानोसा घ्यायचा, फरशीवरून चालताना पाय जपून टाकायचे आणि गालिचा दिसला की मोकळा श्वास घ्यायचा. दुसरा भाग मार्च २०००मध्ये आला आणि त्याच वर्षी मे महिन्यात स्टुडिओ बंद पडला. पण त्याआधी त्यांनी आपलं लेव्हल बनवायचं साधन, म्हणजे एडिटर, ड्रोमेड, चाहत्यांच्या हाती दिलं होतं. त्यातून आजवर हजारावर फॅन मिशनं झाली. २०१२ साली टोपणनावाने वावरणाऱ्या कुणीतरी 'न्यूडार्क' नावाचा पॅच आणला; त्यामुळे हा जुना खेळ आजच्या संगणकांवर नीट चालायला लागला आणि एडिटरच्या जुन्या मर्यादाही बऱ्याच सैल झाल्या.

दुसरा पर्याय 'द डार्क मॉड'. हा २००९मध्ये 'डूम ३' या दुसऱ्या खेळावर बसवलेला मॉड, म्हणजे चाहत्यांनी केलेला बदल, म्हणून आला आणि २०१३पासून स्वतंत्र खेळ झाला. पूर्ण मोफत. त्याची मिशनं डार्करेडियंट या एडिटरमध्ये बनतात.

स्पर्धा एकाच खेळाची ठेवा. दोन्ही घेतले तर सहभागी वाढतील असं वाटतं; प्रत्यक्षात मत देणारे विभागले जातात, कारण प्रत्येकाकडे दोन्ही खेळ बसवलेले नसतात. शिवाय दोन्ही एडिटरमध्ये काम करायची रीतच उलटी आहे. ड्रोमेडमध्ये सुरुवातीला सगळं जग भरीव असतं आणि तुम्ही त्यात हवेचे ठोकळे घालून खोल्या कोरत जाता, वेरूळचं कैलास लेणं कोरावं तसं. डार्करेडियंटमध्ये सुरुवातीला पोकळी असते. भिंत, जमीन, छत उभं करून ती बंद करावी लागते, आणि कुठे फट राहिली तर नकाशा खेळासाठी तयार करताना 'लीक' अशी चूक येऊन काम अडतं. एकात तासाभरात तळघर तयार होतं, दुसऱ्यात घराचा दर्शनी भाग. एकाच मापाने दोन्हींना मोजणं अन्यायाचं होईल.

नवख्यांना बोलवायचं असेल तर माझा कौल 'डार्क मॉड'ला. खेळ विकत घ्यावा लागत नाही, एडिटर अजून सुधारला जातोय, आणि अडलं तर विचारायला माणसं आहेत. जुन्या खेळाडूंचा गोतावळा जमवायचा असेल तर मात्र 'थीफ'च. त्यांचा जीव तिथेच अडकलेला आहे. वर्षपूर्तीचं निमित्त मिळालं तर उत्तम. २०१८मध्ये पहिल्या भागाच्या आणि २०२०मध्ये दुसऱ्या भागाच्या विसाव्या वाढदिवसानिमित्त चाहत्यांनी अशा स्पर्धा घेतल्या होत्या. पहिल्या भागाला २०२८च्या अखेरीस तीस वर्षं होतील. तयारीला लागायचं असेल तर वेळ हाताशी आहे.

मर्यादा अशी घाला की ती मोजता येईल

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ घालवा.

मर्यादा नसेल तर माणूस महाल बांधायला घेतो. 'द ब्लॅक परेड' ही दहा मिशनांची चाहत्यांनी केलेली मालिका २०२३मध्ये आली, आणि तिच्यामागे सुमारे सात वर्षांची मेहनत होती. ती अप्रतिम आहे, प्रत्येकाने खेळावी. पण तुमच्या स्पर्धेत कुणी तसलं काही सुरू केलं तर डेडलाइनला त्याच्याकडे एक सुंदर प्रवेशद्वार असेल आणि आत काहीच नसेल.

मी पहिल्यांदा मित्रमंडळींपुरती स्पर्धा घेतली तेव्हा नियमात नुसतं 'लहान लेव्हल' असं लिहिलं होतं. एकाने दोन खोल्या आणि एक गच्ची केली. दुसऱ्याने नदीकाठचा अख्खा मोहल्ला केला आणि म्हणाला, माझ्यासाठी हे लहानच आहे. तो खोटं बोलत नव्हता. चूक माझ्या वाक्याची होती. ज्याने दोन खोल्या केल्या त्याला मात्र आपण फसलो असं वाटलं, आणि त्याने परत कधी भाग घेतला नाही. ते मला अजून लागून राहिलंय.

म्हणून आकडा द्या. ड्रोमेडमध्ये एक एकक म्हणजे साधारण एक फूट; तेव्हा 'सगळी रचना १२८ × १२८ × १२८ एककांच्या घनात मावली पाहिजे' हा नियम कुणालाही तपासता येतो. एवढ्या जागेत तीन मजली वाडा, तळघर आणि मागचं अंगण सहज बसतं. किंवा वस्तूंची संख्या बांधा, किंवा पहारेकऱ्यांची. एकाच वेळी तीन मर्यादा मात्र घालू नका. एक पुरे.

मर्यादेबरोबर विषय द्यायचा असेल तर जागेशी निगडित द्या, कथेशी नको. 'डार्क मॉड'वाल्यांनी एकदा उभ्या रचनेवर स्पर्धा घेतली होती: वर चढणं, खाली उतरणं यावरच मिशन उभं करायचं. हा विषय नकाशा काढायला बसलेल्या माणसाला लगेच काहीतरी सुचवतो. 'विश्वासघात' असा विषय दिला तर सगळे पत्रं आणि डायऱ्या लिहीत बसतात आणि लेव्हल राहते बाजूला. आपल्याकडच्या कुणाला प्रेरणा हवी असेल तर रायगडाचा महादरवाजा आठवावा: दोन बुरुजांच्या आड वळणात लपलेला, अगदी जवळ जाईपर्यंत न दिसणारा. ज्याने ती वाट पायी चढली आहे त्याला दबकत पुढे जाण्याचा आणि वरून कुणाची तरी नजर असण्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

वेळापत्रक शेवटाकडून लिहा

निकालाची तारीख आधी ठरवा आणि मागे मोजत या. एका छोट्या मिशनला खेळाडूचा एक ते दोन तास जातो. सावलीत थांबूनच खेळायचं असल्यामुळे घाई करता येत नाही. दहा मिशनं आली तर दहा ते वीस तास झाले, आणि लोकांना नोकरी, घर, मुलं आहेत. म्हणून मतदानाला पाच आठवडे. त्याआधी तांत्रिक तपासणीला दहा दिवस. त्याआधी बनवायला किमान चार महिने, आणि त्यातला शेवटचा महिना फक्त टेस्टिंगचा, असं घोषणेतच लिहा. नियमांचा मसुदा घोषणेच्या दोन आठवडे आधी चार अनुभवी लोकांना दाखवा. त्यांना पळवाटा चटकन दिसतात.

तारीख लिहिताना महिना अक्षरांत लिहा. ११/१२ म्हणजे आपल्याला ११ डिसेंबर, अमेरिकेतल्याला १२ नोव्हेंबर. वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, द्या. ३१ तारखेचे २३:५९ यूटीसी म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटेचे ५:२९. भाग घेणारे पोलंड, रशिया, फ्रान्स, अमेरिका कुठलेही असू शकतात, आणि 'रात्री बारापर्यंत' या शब्दांनी भांडणं होतात.

मुदतवाढ द्यायची की नाही हेही आधीच लिहून टाका. माझं मत: एकदाच, दोन आठवड्यांची, सगळ्यांना, आणि मूळ तारखेच्या किमान तीन आठवडे आधी जाहीर करून. आदल्या रात्री मुदत वाढवली तर ज्याने रजा टाकून काम वेळेत संपवलं त्याच्यावर अन्याय होतो.

नियमावली: एक पान, पण काही सुटू देऊ नका

कोणत्या आवृत्तीवर मिशन चाललं पाहिजे ते नेमकं लिहा: 'थीफ २, न्यूडार्क पॅच अमुक आवृत्ती'. जोडीने काम चालेल का, चालेल तर किती जण. आधी कुठेही न आलेलंच मिशन हवं, पण जुन्या अर्धवट कामातला भाग वापरता येईल का. माझ्या मते वापरू द्यावा. पडून राहिलेला बुरुज पुरा होत असेल तर बिघडलं कुठे?

दुसऱ्यांच्या वस्तूंबद्दल कडक राहा. टेक्श्चर (भिंती-फरशांवर चढवायची चित्रं), आवाज, मॉडेल जे काही बाहेरून घेतलं असेल ते मोफत वापराच्या परवान्याचं किंवा मालकाच्या परवानगीचं असलं पाहिजे आणि रीडमीमध्ये (मिशनसोबतच्या माहितीच्या फाइलमध्ये) त्याची नोंद हवी. दुसऱ्या एखाद्या खेळातून उचललेले आवाज ही नवख्यांची नेहमीची चूक. त्यांना ओरडू नका, पण ते बदलायला लावा. एआयने केलेली चित्रं आणि आवाज चालणार की नाही, याचा निर्णयही घोषणेच्या दिवशीच सांगा. हा वाद मध्येच पेटला तर स्पर्धा त्यातच संपते.

प्रवेश फी घेऊ नका. खेळाचे हक्क कंपनीकडे आहेत, आपण पाहुणे आहोत. मूळ खेळाच्या फाइल झिपमध्ये घालून वाटू नयेत हेही लिहा.

टेस्टर शोधणं हे आयोजकाचं काम आहे

नवखा माणूस टेस्टर मागायला लाजतो. त्याला वाटतं, अजून दाखवण्यासारखं काही नाही. म्हणून घोषणेबरोबरच टेस्टरची यादी तयार करा आणि डेडलाइनच्या सहा आठवडे आधी प्रत्येक सहभागीला स्वतःहून विचारा: तुम्हाला कोण देऊ?

एका मिशनला तीन वेगवेगळ्या स्वभावाचे टेस्टर हवेत. एक, जो कुणाच्याही नजरेस न पडता, कुणालाही हात न लावता खेळतो. या पद्धतीला खेळाडू 'घोस्टिंग' म्हणतात. एखाद्या जागी नजर चुकवणं अशक्य असेल तर ते फक्त त्यालाच कळतं. दुसरा, जो प्रत्येक पहारेकऱ्याला ब्लॅकजॅकने (गॅरेटच्या छोट्या सोट्याने) बेशुद्ध पाडून एका खोलीत रचून ठेवतो. तिसरा, ज्याने 'थीफ' फारसा खेळलेलाच नाही. तो जिथे अडकेल तिथे खुणा कमी पडतात.

टेस्टरने त्याच मिशनला मत देऊ नये. त्याने चांगली आणि वाईट दोन्ही रूपं पाहिलेली असतात. त्याचं मत निर्मळ राहत नाही.

मिशन आलं की काय तपासायचं

एका संगणकावर खेळाची कोरी प्रत ठेवा, ज्यात दुसरं काहीही टाकलेलं नाही. आलेली झिप तिथे एफएमसेलसारख्या, फॅन मिशन सुरू करून देणाऱ्या लोडरमधून चालवून पाहा. एडिटरमध्ये उघडून पाहणं पुरेसं नाही. बनवणाऱ्याच्या संगणकावर वर्षानुवर्षं गोळा केलेली टेक्श्चर असतात. त्याला सगळं नीट दिसतं आणि तुमच्याकडे भिंती उघड्या पडतात.

मग खेळा. पहारेकरी जागचे हलत नसतील तर बहुधा पाथफाइंडिंगची, म्हणजे त्यांनी वाट कशी शोधायची याची, माहिती नव्याने तयार करायची राहिली आहे. तुम्ही धाडधाड चालताय आणि शेजारच्या खोलीतल्याला काहीच ऐकू येत नाही, तर रूम ब्रश, म्हणजे खोल्यांच्या हद्दी सांगणारे न दिसणारे ठोकळे, टाकायचे राहिलेत. ड्रोमेडमध्ये आवाज एका खोलीतून दुसऱ्या खोलीत त्यांच्याच आधारे पोचतो. चोरपावलांच्या खेळात हा दोष मिशनच मारून टाकतो, आणि डोळ्यांना तो दिसत नाही.

नॉर्मल, हार्ड आणि एक्स्पर्ट, तिन्ही पातळ्यांवर शेवटपर्यंत जा. एक्स्पर्टवर अमुक इतकी लूट आणायची अट असते. मिशनमधली एकूण लूट त्याहून बरीच जास्त आहे ना ते पाहा. २००० मागितले आणि घरात २०१०च असले, तर खेळाडू कपाटामागे पडलेल्या एका नाण्यासाठी तासभर फिरेल. खाली उडी मारली की परत वर येता येत नाही अशी जागा आहे का? चावी ज्या पहारेकऱ्याकडे आहे तो पाण्यात पडला तर काय होतं?

काही बिघडलं असेल तर दुरुस्तीला सात दिवस द्या, पण फक्त मिशन अडवणाऱ्या दोषांसाठी. नवी खोली घालायची नाही, प्रकाश सुंदर करायचा नाही. आणि ही सवलत मागितली नाही तरी सगळ्यांना सारखी कळवा.

प्रसिद्धी आणि मतदान

सगळी मिशनं एकाच दिवशी, एकाच ठिकाणी, बनवणाऱ्याच्या नावाशिवाय ठेवा. रीडमीमधलं नाव तात्पुरतं काढा. जुन्या मंडळींना कुणाचा हात आहे ते प्रकाशयोजनेवरून ओळखू येईल, ते ठीक आहे. नवख्याला याचा फायदा होतो: त्याचं मिशन 'कुणाचं तरी पहिलं' म्हणून मागे ठेवलं जात नाही.

क्रम प्रत्येक वेळी वेगळा दिसेल अशी सोय करा. तेवढं जमत नसेल तर चिठ्ठ्या टाकून क्रम लावा. यादीत वरची मिशनं सगळे खेळतात. शेवटच्या दोनांपर्यंत कमीच जण पोचतात.

गुण दहापैकी, तीन बाबींना: खेळ, जागा, कथा. खेळाला दुप्पट वजन द्या. देखणी पण आत काहीच करायला नसलेली हवेली मला अनेकदा पहिली आलेली दिसली आहे, आणि दर वेळी वाईट वाटलं. 'खेळ' म्हणजे काय ते मतपत्रिकेवर लिहा: आत शिरायच्या किती वाटा आहेत, संगमरवर आणि गालिचा यांची मांडणी विचाराने केली आहे का, पाण्याच्या बाणाने विझणारी मशाल आणि न विझणारा विजेचा दिवा यांचा वापर कसा केलाय, पहारेकऱ्याची फेरी निरखली तर पुढे जायची संधी सापडते का.

निकाल गुणांच्या बेरजेवर नको, सरासरीवर हवा; नाहीतर जे जास्त जणांनी खेळलं ते जिंकतं. मत ग्राह्य धरायला किमान अर्धी मिशनं खेळलेली असली पाहिजेत. घोषणेनंतर उघडलेल्या नव्या खात्यांची मतं वेगळी ठेवा आणि तसं आधी सांगा. सहभागींनी स्वतःचं सोडून बाकीच्यांना मत द्यावं. त्यांच्याइतकं बारकाईने दुसरं कुणी पाहत नाही.

बक्षीस न देण्याचा प्रश्नही कधीतरी येतो. २०२२ साली पुण्यात पुरुषोत्तम करंडक कोणत्याच एकांकिकेला दिला गेला नाही; त्या तोडीची एकही नाही असं परीक्षकांचं मत पडलं, आणि त्यावरून नाट्यवर्तुळात भरपूर चर्चा झाली. १९६३पासून चालत आलेल्या स्पर्धेला असा निर्णय पेलवतो. आपल्या हौशी स्पर्धेत मात्र पहिला क्रमांक नेहमी द्यावा. बक्षीस पैशाचं नसलेलंच बरं. एखादा जुना खोक्यातला खेळ, छापून घेतलेला नकाशा, किंवा पुढच्या स्पर्धेचा विषय ठरवायचा मान. मी एक वेगळं बक्षीस नेहमी ठेवतो: पहिलंच मिशन करणाऱ्यांमधल्या सर्वोत्तम कामाला. त्यासाठी लोक आयुष्यभर ड्रोमेड सोडत नाहीत.

निकालाबरोबर प्रत्येकाला त्याच्या मिशनवरचे सगळे अभिप्राय एकत्र करून पाठवा, शेवटच्यालाही. किती गुण पडले यापेक्षा 'घंटाघरात मला खरंच घाम फुटला' हे वाक्य जास्त दिवस लक्षात राहतं.

निकालानंतरचा महिना

आता नावं जाहीर करा, रीडमी पूर्ववत करा आणि सुधारलेल्या आवृत्त्या स्वीकारायला सुरुवात करा. आता नवी खोली घातली तरी हरकत नाही. स्पर्धेत उतरलेली मूळ झिप मात्र वेगळी जपून ठेवा, दोन ठिकाणी. दुवे मरतात, सर्व्हर बंद पडतात. 'डार्क मॉड'ची स्पर्धा असेल तर खेळातल्या मिशनांच्या यादीत ही मिशनं घालून घ्यायला मदत करा.

आणि नावनोंदणीचा कागद परत काढा. बारा जणांनी नावं दिली असतील, सात मिशनं आली असतील. उरलेल्या पाच जणांना एकेकट्याला लिहा. त्यांचं काय अडलं ते विचारा, यादीतला एखादा टेस्टर जोडून द्या, आणि दोन महिन्यांनंतरची एक तारीख सुचवा. त्या दिवशी ते मिशन स्पर्धेबाहेरचं म्हणून, पण त्याच पानावर, बाकीच्या सातांच्या खाली लावू असं सांगा. तारीख यूटीसीमध्ये लिहा, महिना अक्षरांत.